टाळकऱ्याची जागा

सकाळी सहाच्या सुमाराला निगडीच्या भक्ती-शक्ती चौकात उभे राहिले की कंपन्यांच्या बसगाड्या एकामागून एक येऊ लागतात. कुणी चाकणला, कुणी तळवड्याला, कुणी भोसरीला. पहिल्या पाळीची माणसे डबा मांडीवर घेऊन डोळे मिटतात आणि ड्रायव्हरने लावलेला असतो प्रल्हाद शिंद्यांचा आवाज. कॅसेटची सीडी झाली, सीडीचा पेनड्राइव्ह, पेनड्राइव्हचा मोबाइल. गाड्या बदलल्या, कंपन्यांची नावे बदलली, हा आवाज मात्र हलला नाही.

आपला हा पट्टा नकाशावर जरा निरखून पाहावा. एका टोकाला देहू, दुसऱ्या टोकाला आळंदी, मध्ये तळवडे, चिखली, मोशी. या देहू-आळंदी रस्त्याच्या दोन्ही अंगांना लेथ, प्रेस आणि वेल्डिंगची वर्कशॉपे. चाकणच्या दुसऱ्या टप्प्यातल्या एमआयडीसीला लागून भामचंद्र डोंगर आहे, जिथे तुकोबा चिंतनाला बसत असे वारकरी मानतात. २००८ साली त्याच शिंदे-वासुली परिसरात डाऊ केमिकलच्या संशोधन केंद्राला विरोध झाला तेव्हा वारकरीच पुढे होते आणि ते केंद्र इथे उभे राहिले नाही. सांगायचे ते इतकेच, की इथल्या माणसाला अभंग म्हणजे कपाटात जपून ठेवायची तबकडी नसते. तो कामाच्या वाटेवर असतो.

म्हणून विचार केला, देहू-आळंदीचे शब्द आजवर वेगवेगळ्या काळांतल्या गायकांनी ध्वनिमुद्रिकांवर कसे गायले ते एकदा ओळीने ऐकावे. १९३६ पासून आजपर्यंत. ऐकताना मापही एकच धरले. वारकरी भजनात विणेकरी उभा असतो, चाल सांगणारा चरण म्हणतो आणि मागचे टाळकरी ते उचलून धरतात. एकाने म्हणायचे, वीस जणांनी घ्यायचे. पखवाज त्यांना ओढत नेतो. ध्वनिमुद्रण आले आणि एकाचा आवाज राहिला, वीस जण स्टुडिओबाहेर गेले. मग त्या वीस जणांच्या रिकाम्या जागेचे गायकाने काय केले? माझ्या मते अभंगाच्या प्रत्येक तबकडीची परीक्षा या एका प्रश्नावर होते. सुरेलपणा, तयारी, राग, हे सगळे त्यानंतर.

सुरुवात प्रभात फिल्म कंपनीच्या ‘संत तुकाराम’पासून. दामले-फत्तेलालांचा हा बोलपट १९३६ चा. मुंबईत तो वर्षाहून अधिक काळ चालला आणि १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. संगीत केशवराव भोळ्यांचे. भोळे स्वतः जाणते समीक्षक, त्यामुळे गाण्यातला फापटपसारा त्यांना मुळात खपत नसे. विष्णुपंत पागनीस रंगभूमीवर स्त्रीभूमिका करून आलेले नट. त्यांचा आवाज आज ऐकला तर पातळ वाटतो, थोडा नाकातला. पण तो गवयाचा आवाज नाही, हीच त्याची श्रीमंती. वाण्याच्या दुकानात बसलेला माणूस गुणगुणेल तसे ते गातात. ताना नाहीत, जागा घेण्याचा हट्ट नाही. ऐकणाऱ्याला वाटते, हे मलाही म्हणता येईल. टाळकऱ्याची जागा राखण्याची ही पहिली रीत: आपणच टाळकऱ्यासारखे गायचे.

या चित्रपटातल्या एका गाण्याची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे, तरी सांगतो. ‘आधी बीज एकले’ शांताराम आठवल्यांनी लिहिले आणि लोक ते तुकोबांच्या गाथेत शोधत बसले. कवीला याहून मोठे प्रशस्तिपत्र कुठले मिळणार? गंमत अशी की त्या काळच्या ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे मावत. भजनात एकाच अभंगाला अर्धा तास लागू शकतो. तो तीन मिनिटांत बसवायचा तर आधी कापले जाणार ते मागच्यांचे उचलणेच. अभंगाचे ‘गाणे’ झाले ते या मोजपट्टीमुळे. पुढे प्रभातनेच १९४० साली शाहू मोडकांना घेऊन ‘संत ज्ञानेश्वर’ काढला. तोही लोकांना आवडला, पण पागनिसांच्या आवाजातला तो उंबऱ्यावरचा साधेपणा मला तिथे सापडत नाही.

१९५३ साली पु. ल. देशपांड्यांनी ‘गुळाचा गणपती’ केला. त्यात गदिमांनी इंद्रायणीकाठच्या आळंदीवर लिहिलेले एक भक्तिगीत आहे, चाल पुलंची, राग भीमपलास आणि आवाज एकतीस वर्षांच्या भीमसेन जोशींचा. हे संतांचे नव्हे, पण आळंदीच्या घाटावर ते इतके वाजले आहे की आता कोण ते वेगळे काढणार? भीमसेनांचा अभंगाशी पुढे जो संसार झाला त्याची ही पहिली पाऊलखूण. (आज त्या घाटावर उभे राहून हे गाणे ऐकणे अवघड होते. वरच्या अंगाने येणारे सांडपाणी आणि कारखान्यांचे रसायन यांचा पांढरा फेस इंद्रायणीवर तरंगत असतो. वारीच्या दिवसांत त्याच पाण्यात माणसे स्नान करतात. पण हा लेख गाण्यांवर आहे, पुढे जाऊ.)

लाँग प्ले तबकडी आली आणि एका बाजूवर वीस मिनिटे मिळू लागली. अभंगांचा ‘संच’ ही कल्पनाच तिने दिली. लता मंगेशकरांचे दोन संच त्या काळाचे शिखर आहेत: हृदयनाथ मंगेशकरांच्या चालींतला ज्ञानेश्वरांचा आणि श्रीनिवास खळ्यांच्या चालींतला ‘अभंग तुकयाचे’. हे दोन्ही पाठोपाठ ऐकले की दोन संगीतकारांनी दोन संतांना किती वेगळे वाचले ते दिसते.

हृदयनाथ उस्ताद अमीर खाँचे शिष्य. ज्ञानेश्वरांमध्ये त्यांना दिसली ती विरहिणी: एकटी, रात्रीची, दारात उभी. त्यांच्या चालींना आधी धरायला जागाच सापडत नाही. स्वर भलत्याच ठिकाणी वळतो, लय अंतर राखून चालते. ‘मोगरा फुलला’ शाळेतल्या स्नेहसंमेलनात किती मुलींनी गायले असेल आणि किती जणींचा दुसऱ्याच ओळीत सूर सुटला असेल! इथे टाळकऱ्याला जागा नाही. मागे म्हणणारा कुणी असावा अशी अपेक्षाही नाही. आणि तरी मी या संचाला माझ्या मापावर नापास करत नाही, कारण विरहिणीचे अभंग मुळातच एकटीचे. ज्या शब्दांत समुदाय नाही तिथे तो ओढून आणला नाही, हा हृदयनाथांचा विवेक. पसायदान मात्र वेगळे. ते सगळ्यांसाठी मागितलेले मागणे, आणि तेही त्याच एकाकी, उंच स्वरात येते. ऐकायला अलौकिक, म्हणायला कठीण. आमच्या इकडच्या शाळांत सकाळी पसायदान म्हटले जाते ते पाढ्यासारख्या सपाट चालीत. मुलांना लताबाईंची चाल झेपत नाही आणि त्यात मुलांचा दोष नाही.

खळ्यांनी तुकोबांना घरात आणले. त्यांच्या चालीही सोप्या नाहीत. खळे सोपे कधीच नव्हते. पण त्यांच्या अवघडपणात बोलण्याची लय आहे. सासरी निघालेली मुलगी मागे वळून पाहते त्या अभंगात लताबाईंचा आवाज वळणाशी जरा थबकतो आणि पुढे जातो. एवढेच. रडू आणायची हौस कुठेही नाही. हा संच मी पहिल्यांदा ऐकला तो चिंचवडच्या एका जुन्या वाड्यात, लाकडी रेकॉर्ड प्लेअरवर. आजी स्वयंपाकघरातून म्हणाली, ‘छान म्हणते गं पोरगी, पण आपल्याला कुठे म्हणू देतेय?’ आजीला समीक्षा हा शब्द माहीत नव्हता. पण तबकडीने तिच्याकडून काय काढून घेतले ते तिने नेमके सांगितले होते.

ती जागा परत दिली भीमसेनांनी, आणि हे मला फार नवलाचे वाटते. ख्यालगायक म्हणजे एकट्याचा मालक. गदगचा कानडी माणूस, सवाई गंधर्वांचा शिष्य, पल्लेदार तानांचा बादशहा. त्याने अभंग गायचे म्हणजे मैफिलीच्या शेवटी भैरवीसारखे उरकायचे, असे कुणालाही वाटले असते. घडले उलटे. पुणे आकाशवाणीचे राम फाटक यांनी अहीर भैरवात बांधलेला नामदेवांचा तो विठ्ठलमय अभंग ऐका. एकच नाम ओळीमागून ओळीत येते आणि भीमसेन त्यावर प्रत्येक वेळी तितक्याच जोराने उतरतात, मोट हाकणारा बैलांना हाळी देतो तसे. ताना येतात, पण नामावर येऊन थांबतात. तुम्ही बसल्या जागी टाळी वाजवू लागता. ‘अभंगवाणी’च्या तबकड्यांत आणि ‘संतवाणी’च्या मैफिलींत भीमसेनांनी टाळकऱ्याला गायकाइतकाच मान दिला. माउली टाकळकर वर्षानुवर्षे त्यांच्या मागे टाळ घेऊन बसत आणि लोक भीमसेनांइतकेच त्यांच्या हातांकडे पाहत. शास्त्रीय रंगमंचावर तबलजी असतो, पेटीवाला असतो. टाळकरी बसला तो इथे. भजनी ठेका दुगुनीत गेला की टाळाचा एक असा चटका बसतो की पेटी, तबला, गायक सगळे त्याच्या मागे धावतात.

भीमसेनांच्या अभंगांवर आक्षेप आहेत, ते खरेही आहेत. शब्द कधी कधी स्वरात विरघळतात. सगळे संत एकाच आवेशाचे होतात. नामदेवांचा लाडिकपणा, तुकोबांचा तिखटपणा असा फरक राहत नाही. वारकरी परंपरेतले जाणते म्हणतात, ही आमची चाल नव्हे. मान्य. तरीही निगडीपासून चाकणपर्यंत एकादशीच्या सकाळी देवळांच्या भोंग्यांवर जो आवाज असतो तो त्यांचाच.

त्याच पिढीतले बाकीचे झरझर सांगतो. किशोरी आमोणकरांनी सोयराबाईंचा ‘अवघा रंग’ भैरवीत गायला. तो अभंग म्हणून ऐकावा की भैरवी म्हणून, हे मला अजून ठरवता आलेले नाही. पण चोखोबांच्या बायकोचे शब्द मोठ्या मैफिलीत पोचले ते या गाण्याने. जितेंद्र अभिषेकींनी चोखोबांचा अबीर-गुलालाचा अभंग गायला. देवळाच्या पायरीशी अडवलेल्या माणसाचे ते शब्द आहेत आणि अभिषेकींच्या संयमी गळ्यात ते जास्त बोचतात. सुधीर फडके आणि वसंतराव देशपांडे यांचे १९७० च्या ‘झाला महार पंढरीनाथ’मधले ‘कानडा राजा’ हे दोन दिग्गजांचे खेळीमेळीचे भांडण आहे. ऐकून कंटाळा येत नाही.

आता प्रल्हाद शिंदे. संगीतावर लिहिणारे त्यांना लेखाच्या शेवटी एका वाक्यात बसवतात, म्हणून मी त्यांना मधोमध घेतो. कॅसेट स्वस्त होती, टपरीवर मिळायची, ट्रकच्या टेपमध्ये चालायची. ऐंशीच्या दशकात मराठवाड्यातून, खानदेशातून, सोलापूरकडून माणसे या पट्ट्यात कामाला येऊ लागली. भाड्याच्या खोलीत चौघे-पाचजण, पाळ्या वेगवेगळ्या, मध्ये एक टेपरेकॉर्डर. त्या टेपमध्ये ‘पाऊले चालती पंढरीची वाट’ होते. शब्द दत्ता पाटलांचे, संगीत मधुकर पाठकांचे. प्रपंचाने आणि दारिद्र्याने गांजलेला माणूस पंढरीच्या वाटेला लागतो, एवढाच त्याचा विषय. इथल्या कामगाराला पंढरी समजावून सांगावी लागत नव्हती आणि दारिद्र्य तर मुळीच नाही. आषाढात रजा मिळाली नाही तर हे गाणे हीच त्याची वारी.

प्रल्हाद शिंद्यांचा आवाज घासलेला आहे. वरच्या सुरात तो फाटतो आणि तिथेच पकडतो. भीमसेन विठ्ठलाला हाक मारतात तेव्हा विठ्ठल येणार याची त्यांना खात्री असते. शिंदे हाक मारतात तेव्हा ती खात्री नसते. कोरस मागून येतो तो स्टुडिओतला, चारपाच जणांचा, पण तो दिंडीसारखा उचलून धरतो. माझ्या मापावर हे ध्वनिमुद्रण पहिल्या दोनांत येते.

अजून एक गोष्ट. १९५४ च्या २५ डिसेंबरला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी देहूरोडला बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. देहूगाव आणि देहूरोड यांत अंतर थोडे, पण गाणी दोन. एका बाजूला अभंग, दुसऱ्या बाजूला भीमगीते. दोन्हीकडे वाजणारा एकच आवाज आहे आणि तो प्रल्हाद शिंद्यांचा. पुढे आनंद, मिलिंद आणि मग आदर्श शिंदे यांनीही ही दोन्ही अंगणे सांभाळली. दुसऱ्या कुठल्याही गायकाला हे असे जमले आहे का? मला नाव आठवत नाही.

कॅसेटच्याच काळात बाबामहाराज सातारकरांचा हरिपाठ घरोघर पोचला. इथे चाल परंपरेची, पखवाज खरा, मागे म्हणणारे खरे. संगीत म्हणून त्यात नवे काही नाही आणि नसावेच. संध्याकाळी लावायचा, सोबत म्हणायचा. २६ ऑक्टोबर २०२३ ला महाराज गेले. हरिपाठ अजून घराघरांत लागतो. त्याच काळातली वाईट बाजूही सांगायला हवी: हिंदी चित्रपटांच्या चालींवर तुकोबांना कोंबलेल्या कॅसेटा. ढोलकी, सिंथेसायझर आणि गाथेतली एखादी ओळ. त्या गेल्या ते बरे झाले. जत्रेत अधूनमधून डोके वर काढतात.

नव्या शतकातले मोजके. २०१२ च्या ‘तुकाराम’ चित्रपटाला अशोक पत्की आणि अवधूत गुप्ते यांचे संगीत होते. नीटनेटके, फारसे मागे न राहिलेले. २०१४ च्या ‘लय भारी’मधले अजय-अतुलचे माउलीचे गाणे वाजले की गर्दी उसळते. पण त्यातला समूह भिंतीसारखा आहे. आपला आवाज त्यात मिसळत नाही, दबतो. मुंबईच्या ‘अभंग रिपोस्ट’ या बँडने २०१६ पासून इलेक्ट्रिक गिटार आणि ड्रम्सवर अभंग घेतले. ज्येष्ठांनी कपाळावर आठ्या घातल्या. मला ते निम्मे आवडतात. मुले उभे राहून मागे म्हणतात, ही कमाई खरी. पण गिटारवाला मध्येच एकटा निघून जातो आणि टाळ थांबतो. तिथे दिंडीचे रूपांतर पुन्हा मैफिलीत होते. प्राजक्त देशमुखांचे ‘संगीत देवबाभळी’ हे २०१७ चे नाटक मी चिंचवडच्या रामकृष्ण मोरे नाट्यगृहात पाहिले. देहूच्या आवलीच्या, तुकोबांच्या बायकोच्या, पायात काटा रुतला आहे आणि रुक्मिणी लखूबाई होऊन तिच्या घरी राबायला आली आहे. आनंद ओक यांच्या चालींत त्या दोघी गातात, तेव्हा अभंगाच्या मागे उभी असलेली आणि कधीच विचारात न घेतलेली बाई ऐकू येते. पागनिसांच्या तुकारामानंतर देहूच्या घराचा उंबरा मला पुन्हा इथेच दिसला.

महाराष्ट्राबाहेर एक नजर टाकावी. तंजावरला मराठ्यांचे राज्य होते. तिथल्या नामसंकीर्तनात अभंग रुजला आणि तमिळ भजनात आजही म्हटला जातो. कर्नाटक संगीताच्या गायिका अरुणा साईराम मैफिलीत अभंग गातात तेव्हा मराठीचे उच्चार किंचित तिकडचे होतात, लय मृदंगमच्या हिशोबाने तुटक पडते, आणि चेन्नईचे श्रोते टाळ्यांनी ठेका धरतात. शब्द कळत नसताना मागे म्हणणारे लोक! आपल्या सभागृहांत शब्द कळतात आणि हात मांडीवर असतात.

शेवटी ज्या ध्वनिमुद्रणाला मी सगळ्यांच्या वर ठेवतो ते कुणा गायकाचे नाही. गी प्वातवँ आणि हेमा राईरकर यांनी जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. संख्या लाखाच्या वर आहे. त्यातल्या पुष्कळ आपल्या शेजारच्या मुळशी-मावळातल्या बायकांच्या, आणि त्यांत आळंदी, देहू, इंद्रायणी, ज्ञानोबा, तुकोबा पुन्हा पुन्हा येतात. २०१७ पासून ‘पारी’ या संकेतस्थळावर त्या ऐकता येतात. पेटी नाही, पखवाज नाही. एक बाई ओवी सुरू करते, दुसरी हलकेच तिच्यात मिसळते, जात्याची घरघर मध्ये चालू. तुकोबांची थोरवी इथे दुय्यम आहे. जिजाईने, म्हणजे आवलीने, किती सोसले ते या बायकांना जास्त ठाऊक. आजीने लताबाईंच्या तबकडीकडे जे मागितले होते ते इथे आहे. सूर चुकला तरी चालतो, कारण दुसरी सांभाळते.

ज्यांना एवढे सगळे ऐकायला सवड नाही त्यांनी तीन घ्यावे: पागनीस, ‘अभंगवाणी’तले भीमसेन आणि मुळशीच्या ओव्या. प्रल्हाद शिंदे सांगत नाही, ते बसमध्ये आपोआप भेटतील.

आणि एक विनंती. १९१७ साली जोगमहाराजांनी आळंदीत वारकरी शिक्षण संस्था काढली. तिथून शिकून गेलेले कीर्तनकार आणि पखवाजी या पट्ट्यातल्या जवळजवळ प्रत्येक गावात आहेत. ऐंशी-नव्वदच्या दशकात कुणाच्या वडिलांनी काकड्याच्या पहाटे, सप्ताहात किंवा आकुर्डीच्या पालखीच्या मुक्कामी टेपचे लाल बटण दाबून ठेवले असेल. अशा कॅसेटा माळ्यावर पडून आहेत. पावसाळ्यात फितीला बुरशी धरते, मग ती चिकटते आणि वाजवायला गेले की तुटते. या पावसाच्या आधी त्या खाली काढा, कोरड्या जागी ठेवा, जमेल तेव्हा संगणकावर उतरवून घ्या, आणि डबीवर गावाचे नाव, साल आणि पखवाज कोण वाजवत होते तेवढे लिहून ठेवा.